तुमची मर्जी, म्हणजे होय

बंगळूरला मल्लेश्वरमात आम्ही घर बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी पगार विचारला नाही, माणसं किती ते विचारलं नाही, पाणी जपून वापराल ना, तेही विचारलं नाही. ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तुमच्या पुण्यात एखादा 'चालेल' म्हणाला, तर ते चालतं की चालत नाही?"

सन अठ्ठावन्न असेल. ह्यांना तिथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअरची नोकरी लागून जेमतेम महिना झाला होता आणि मी पुण्याहून दोन ट्रंका घेऊन परवाच उतरले होते. हे बिचकून म्हणाले, "चालतं की."

मला राहवलं नाही. मी मागून म्हणाले, "म्हणण्यावर आहे. पटकन 'चालेल' म्हटलं तर चालतं. जरा थांबून, लांबवून म्हटलं, तर अजिबात चालत नाही. पण भांडायची इच्छा नाही, एवढाच त्याचा अर्थ."

घरमालक उठून उभे राहिले. कोटाच्या खिशातून कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा काढला, त्याच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं भराभर काहीतरी लिहिलं आणि आत तोंड करून हाक मारली, "पद्मा, वरच्या खोल्या झाडून ठेव. कामाची माणसं आली!"

हे घरमालक म्हणजे प्रोफेसर व्यंकटराव. सगळं मल्लेश्वरम त्यांना अण्णा म्हणे आणि त्यांच्या बायकोला, पद्माबाईंना, अक्का. खाली धोतर, वर बंद गळ्याचा कोट, पायांत पांढरे कॅन्व्हासचे बूट आणि स्वच्छ ऊन असलं तरी काखेत छत्री. कॉलेजात ते इंग्रजीचं व्याकरण शिकवत आणि आठवड्यातून दोन तास भाषाशास्त्र. भाषाशास्त्राच्या वर्गाला पाच मुलं होती. त्यांतली दोघं खोली चुकून आली होती आणि संकोचानं वर्षभर येत राहिली. "उठून जायला मेले लाजतात," अण्णा कौतुकानं सांगत. "बघा, भाषाशास्त्र म्हणजे दुसरं काय!"

घराणं मूळचं आपल्याकडचं. "तीनशे वर्षांमागे आमचे लोक इकडे मोहिमेवर आले," ते म्हणत. "परत जायचं राहूनच गेलं." त्या तीनशे वर्षांत त्यांच्या मराठीत कानडीनं ऐसपैस बिऱ्हाड केलं होतं. जरा थांबा म्हणायचं तर "स्वल्प थांबा", बरं म्हणायचं तर "सरी". मला त्यांच्या मराठीची गंमत वाटे आणि त्यांना माझ्या. "तुमचं मराठी छानच आहे, मालतीबाई," एकदा ते मला म्हणाले, "पण स्वल्प भांडकं आहे. तुम्ही 'इकडे या' म्हणालात की मला वाटतं, माझं काय चुकलं?"

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात होतं, आणि ते वाक्य दूधवाल्यापासून प्रिन्सिपॉलपर्यंत सगळ्यांनी ऐकलेलं होतं. "शब्दाला अर्थ नसतो. अर्थ म्हणजे माणसांनी केलेला करार. आणि गंमत काय, तो करार कुणीच वाचलेला नसतो!" असं म्हणून ते स्वतःच इतके खूश होत की समोरच्याला समजलं नाही तरी हसावं लागे. मग ते हसण्याचीही नोंद करीत.

मी तो न वाचलेला करार राहायला आल्यानंतर तिसऱ्याच दिवशी मोडला.

सकाळी अकराच्या सुमाराला मी फाटकाशी भाजीवालीची वाट बघत उभी होते. समोरच्या घरातल्या बाई अंगणातून हसून म्हणाल्या, "ऊट आयता?" एवढं कानडी मला अक्कांनी शिकवलं होतं. जेवण झालं का? माझं जेवण झालेलं नव्हतं. मी प्रामाणिकपणे म्हणाले, "इल्ला." नाही. त्यांचं हसू मावळलं आणि त्या आत गेल्या. पाठोपाठ शेजारच्या आजी देवळातून आल्या. त्यांनीही तेच विचारलं. मी तेच सांगितलं, वर हातानं रिकामं पोटही दाखवलं, शब्द कमी पडू नयेत म्हणून. मग कोपऱ्यावरच्या मास्तरीण बाई. त्यांनाही तेच.

साडेबारापर्यंत माझ्या दारात भांडी यायला लागली. एका डब्यात चित्रान्न, एका पातेल्यात सार, एका वाडग्यात कोशिंबीर. शेजारच्या आजी दहीभात घेऊन स्वतः जिना चढून आल्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून अक्कांच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या. मागाहून कळलं, त्यांनी विचारलं होतं की वरच्या बिऱ्हाडातला नवरा बायकोला उपाशी ठेवतो की काय.

संध्याकाळी अण्णा आनंदानं जिना चढून वर आले. "मालतीबाई, तो प्रश्न नव्हता हो! तो नमस्कार होता. नमस्काराला कुणी 'नाही' म्हणतं का?"

"पण माझं जेवण खरंच झालं नव्हतं."

"त्याचा काय संबंध?"

"मग भूक लागलेली असेल तर काय म्हणायचं?"

"'आयतु' म्हणायचं. झालं. आणि घरी जाऊन जेवायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता, चूलसुद्धा पेटवलेली नसताना, मी सगळ्या गल्लीला "आयतु, आयतु" सांगत सुटले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ह्यांच्याकडे मात्र समोरच्या बाई महिनाभर संशयानंच बघत होत्या.

पुढच्या वर्षी अण्णांच्या डोक्यात आलं की हा करार सिद्ध करायचा तर तो मोडून बघायला हवा. त्यांनी जाहीर केलं, "आठ दिवस मी शब्दाला शब्द धरून चालणार. माणूस जे बोलेल तेच त्याला म्हणायचं आहे, असं मानणार." अक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "सरी," एवढंच म्हणाल्या.

पहिल्या दिवशी कॉलेजच्या व्हरांड्यात प्रिन्सिपॉलसाहेबांनी चालता चालता विचारलं, "काय प्रोफेसर, कसे आहात?" अण्णांनी त्यांना थांबवून सांगितलं, कसे आहेत ते. डाव्या गुडघ्यापासून सुरुवात केली. पोटाशी आले तोवर घंटा झाली. ती दुर्लक्षून त्यांनी झोपेचा विषय काढला. त्यानंतर प्रिन्सिपॉलसाहेब अण्णा दिसले की मागच्या जिन्यानं जाऊ लागले.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये गर्दी होती. कंडक्टर ओरडत होता, "मुंदे होगि, मुंदे होगि!" म्हणजे पुढे चला. सगळे दोन पावलं सरकले आणि थांबले. अण्णा चालत राहिले. माणसांच्या बगलांखालून, टोपल्यांवरून, एका बाईच्या कोंबडीला ओलांडून ते थेट ड्रायव्हरपाशी पोचले. कंडक्टरला मागून काही दिसत नव्हतं. तो आपला ओरडतच होता. अण्णा ड्रायव्हरला म्हणाले, "स्वल्प सरकता का? मला अजून पुढे जायला सांगतायत." ड्रायव्हरनं बस बाजूला घेतली आणि अण्णांना उतरवलं. घरी येईपर्यंत त्यांचे कॅन्व्हासचे बूट लाल मातीनं माखले होते, पण चेहरा असा, की परीक्षेत पहिले आलेत.

पाचव्या दिवशी रविवार होता. मी अक्कांकडे विरजण मागायला खाली गेले होते, म्हणून पुढचं सगळं मला पाहायला मिळालं. अण्णा वर्तमानपत्र घेऊन बसले होते. नेहमीसारखे म्हणाले, "पद्मा, कॉफी मिळेल का?"

"मिळेल," अक्का म्हणाल्या आणि वाती वळत बसल्या.

पाच मिनिटं गेली. "पद्मा, कॉफी झाली का?"

"नाही."

"का?"

"केली नाही म्हणून."

अण्णांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "अगं, पण तूच म्हणालीस ना, मिळेल?"

"मिळेलच की. पूड आहे, दूध आहे, साखर आहे. कुणी केली तर मिळेल."

मी विरजणाचं भांडं घेऊन तिथंच खिळले. अण्णांच्या चेहऱ्यावर एक क्षण निव्वळ आनंद उमटला, दुसऱ्या क्षणी त्यांना कळलं की आपल्याला कॉफी मिळणार नाही. दुपारी पान वाढलं, त्यावर नुसता भात. "भाजी आहे का?" "आहे." "ताक आहे का?" "आहे." अक्का पदरानं वारा घेत समोर बसून होत्या. अण्णांनी भात तसाच खाल्ला. संध्याकाळी ते म्हणाले, "पद्मा, मी हरलो असं म्हटलं तर तुला काय वाटेल?" अक्का म्हणाल्या, "बरं वाटेल." अण्णा थांबले. काहीच घडेना. शेवटी हात जोडून म्हणाले, "मी हरलो." तेव्हा कुठे चुलीवर कॉफीचं आधण चढलं. पुढं कुणी त्या प्रयोगाचं विचारलं की ते सांगत, "आठ दिवसांचा होता. पाचव्या दिवशी सिद्ध झाला."

आता सुधाचं सांगायला हवं. सुधा म्हणजे अण्णा-अक्कांची एकुलती एक मुलगी. बी.एस्‌सी. झालेली, मुलींच्या शाळेत शिकवायची, शांत आणि बापाला पुरून उरणारी. आणि शाम म्हणजे माझा मामेभाऊ. तोही ह्यांच्याच कारखान्यात लागला होता, तिकडं क्वार्टरमध्ये एकटा राहायचा आणि दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा. शाम येण्याच्या वेळेला सुधा गच्चीवर मिरच्या वाळत घालायला येई. न बोललेलं ओळखण्यात उभा जन्म घातलेल्या अण्णांना यातलं काही म्हणजे काही कळलं नाही. अक्कांना मात्र दुसऱ्याच रविवारी कळलं, कारण मिरच्या त्याच होत्या.

शामनं पुण्याला पत्र लिहिलं. मामा-मामी मुलगी बघायला बंगळूरला आले.

माझा मामा पोस्टातून निवृत्त झालेला, तारेचे शब्द मोजून मोजून बोलणंही मोजकंच झालेलं. मामी त्याच्या वाटचं बोलायची. ह्या दोघांना अण्णांच्या घरी जेवायला न्यायचं माझ्याकडे होतं. मला वाटलं, दोन्हीकडे मराठीच बोलतात, काळजी कसली? अक्कांनी केळीच्या पानावर कोशिंबिरीपासून सुरुवात केली आणि ओब्बट्टुपर्यंत आल्या. ओब्बट्टु म्हणजे त्यांच्याकडची पुरणपोळी.

दोन पोळ्या झाल्यावर मामा म्हणाला, "पुरे." त्याच्या हिशेबानं विषय संपला. पण अक्कांच्या घरी पहिलं 'पुरे' म्हणजे सभ्यता आणि दुसरं म्हणजे लाज. खरं 'पुरे' तिसरं. तेही दोन्ही हात पानावर पसरून, अर्ध्या अंगानं वाकून म्हणायचं असतं. मामा हात मांडीवर ठेवून ताठ बसला होता. अक्कांनी तिसरी पोळी वाढली. मामाला पानात टाकायची सवय नाही, त्यानं ती संपवली. पान रिकामं दिसलं, म्हणून अक्कांनी चौथी वाढली. वाढली म्हणून मामानं संपवली. संपवली म्हणून अक्कांनी वाढली. सातव्या पोळीला मामाच्या कपाळावर घामाचे थेंब दिसायला लागले. अक्का आत येऊन मला कौतुकानं म्हणाल्या, "किती मोकळी माणसं! आवडलं तर संकोच नाही."

जेवण झाल्यावर बैठकीत बोलणी सुरू झाली. मामीनं विचारलं, "मग लग्न इकडे करायचं म्हणता, की पुण्याला?"

अण्णा हात जोडून, मान तिरकी करून म्हणाले, "तुमची मर्जी."

"मुहूर्त वैशाखातला धरायचा?"

"तुमची मर्जी."

"सुधानं लग्नानंतर नोकरी करावी, असं तुम्हाला वाटतं का?"

"तुमची मर्जी," अण्णा म्हणाले, आधीपेक्षाही नम्रपणे.

मामीच्या ओठांची रेघ झाली. मामा पोटावर हात ठेवून छताकडे बघत होता. मामी उठली. "बरं आहे. आम्ही विचार करून कळवतो."

त्या क्षणी मला आतल्या खोलीच्या दारात अक्का दिसल्या. त्यांच्या हातात ताट होतं. त्यात नारळ, विडा, हळदकुंकू आणि साखर. त्या तशाच दोन पावलं मागे सरकल्या.

मी मामा-मामींबरोबर शामच्या क्वार्टरवर गेले. दार लागताक्षणी मामी कडाडली, "ह्यांना मुलगी द्यायचीच नाहीये! मी एवढं आपुलकीनं विचारतेय आणि हा माणूस म्हणतो, तुमची मर्जी. म्हणजे काय, करा हवं ते? एवढा तुटकपणा मी पुण्यातसुद्धा पाहिला नाही!" मामा म्हणाला, "ओवा." आणि आडवा झाला. शाम खिडकीपाशी उभा राहून बोटानं गजाचा रंग खरवडत होता.

"पण मामी, तू कळवते म्हणालीस, त्याचं काय?" मी विचारलं.

"कळवणारच होते! मोठ्या भाऊजींना विचारल्याशिवाय आपल्याकडे काही ठरतं का? पत्र जायला-यायला आठ दिवस. पण आता काय कळवायचं?"

मी परत आले, तेव्हा चार वाजले होते. सुधा अंगणात कुंडीला पाणी घालत होती. कुंडी केव्हाच भरून वाहत होती, पाणी तिच्या पावलांवरून फाटकापर्यंत गेलं होतं. स्वयंपाकघरात अक्का नारळ खवत होत्या. ताटातला तो नारळ. "चटणीला झाला," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

अण्णा जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले होते. गुडघ्यावर लग्नपत्रिकेचा तुकडा होता, त्यावर लिहिलेलं मला उभ्या उभ्या दिसलं. 'विचार करून कळवतो. पुणे. अर्थ: नाही.' अक्षर नेहमीसारखं नव्हतं.

"नोंद चांगली मिळाली, मालतीबाई," ते म्हणाले. मग चष्मा काढून कोटाच्या टोकानं पुसत राहिले. "आमच्यात होकार असला तर जागच्या जागी साखर देतात हो. कळवतो म्हणणं म्हणजे... पोरीनं काल ती साडी तीनदा इस्त्री केली. मी विचारलं, एवढी चुरगळलीय का? आता लक्षात आलं."

मी त्यांच्या शेजारी बसले. "अण्णा, मामी कळवतो म्हणाली म्हणजे ती कळवणार आहे. तिला तिच्या दिरांना पत्र टाकायचंय."

"म्हणजे नाही नव्हे?"

"नव्हे. 'नाही' तर तुम्हीच म्हणालात."

"मी?" ते ताडकन उठले. "मी तर प्रत्येक गोष्टीला होय म्हणालो! तीनदा! 'तुमची मर्जी' म्हणजे तुमचा शब्द आमच्या डोक्यावर. याहून मोठं होय आमच्याकडे नाही."

"आमच्याकडे 'तुमची मर्जी' म्हणजे, माझं काही ऐकायचं नाहीच ना, मग करा काय करायचं ते."

अण्णांच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं, ते सांगता यायचं नाही. "पद्मा," ते हळूच म्हणाले, "वीस वर्षं मी हेच शिकवतोय ना गं?" आतून उत्तर आलं, "होय." आणि मग ते हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग कठड्याला धरून ते पायरीवर पुन्हा बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ते सगळंच पाणी हसण्याचं होतं असं मला वाटलं नाही.

"पद्मा, नारळ!"

"फोडला."

"दुसरा काढ!"

आम्ही जटक्यातून क्वार्टरवर गेलो. जटका म्हणजे तिकडचा टांगा. अण्णा पुढे, मांडीवर नारळ. अक्का आणि मी मागे. अण्णा वाटभर वाक्य जुळवत होते. दार शामनं उघडलं. मामा कॉटवर पोट धरून पडला होता, मामी पाठ करून बसली होती. अण्णा उंबऱ्यातच उभे राहिले.

"स्वल्प कठीण आहे," ते म्हणाले, "आमच्यात असं बोलत नाहीत. पण सरळ बोलतो. मला माझी मुलगी तुमच्याच घरात द्यायची आहे. वैशाखात द्यायची आहे. तुम्ही म्हणाल त्या गावात द्यायची आहे. तुमची मर्जी म्हणजे होय. होय म्हणजे होय."

मामी वळली. "मग तसं म्हणायचं ना!"

"तेच तर म्हणालो!"

मामा कॉटवरून क्षीण आवाजात म्हणाला, "मलाही एक सांगायचंय. पुरे म्हणजे पुरे."

अक्कांनी तोंडाला पदर लावला. "अय्यो! मग हात का नाही पसरलेत पानावर?"

"शब्द असताना हात कशाला?" मामा म्हणाला. मला वाटतं, तोवरच्या आयुष्यातलं त्याचं सगळ्यात मोठं वाक्य ते.

मामीनं तिथंच पत्र लिहिलं, दिरांचा होकार आठ दिवसांत आला आणि सगळे याद्या करायला बसले. लग्नाआधी दोन्हीकडची माणसं जे ठरलं ते कागदावर लिहून घेतात, त्या याद्या. लग्नाचं सगळं दहा मिनिटांत लिहून झालं. मग अण्णा म्हणाले, "आता शब्दांचं." त्यांनी दुसरा कागद घेतला. 'पुरे' एकदाच म्हटलं तरी पुरे, हे पहिलं कलम. 'तुमची मर्जी' म्हणजे होय. 'कळवतो' म्हणायचं तर कधी आणि कुणाला विचारून, तेही लगेच सांगायचं. 'बघू' या शब्दावर पाऊण तास गेला. मामीच्या मते 'बघू' म्हणजे बहुतेक नाही, अक्कांच्या मते बहुतेक होय. शेवटी दोन्ही घरांत 'बघू' म्हणायलाच बंदी घातली. खाली दोन्ही यजमानांच्या सह्या झाल्या. शाम आणि सुधा गच्चीवर होते. त्यांच्यात काय ठरलं, त्याची नोंद कुठंच नाही.

वैशाखात बंगळूरला लग्न झालं. पंगतीत मामाला मानाचं पान होतं. अक्का स्वतः वाढत होत्या. दोन ओब्बट्टु झाल्यावर मामा म्हणाला, "पुरे." अक्का थांबल्या, 'सरी' म्हणाल्या आणि पुढच्या पानाकडे गेल्या. मामा त्यांच्या पाठमोऱ्या परातीकडे बघत राहिला. मी जवळ गेले तर कुजबुजला, "अगं, मी आता त्यांच्यासारखं म्हणालो होतो."

मी हे अण्णांना सांगितलं तर ते मांडवातच खाली बसले. तीन वेळा सांगायला लावलं.

पासष्ट साली ह्यांची बदली नाशिकला झाली आणि आमचं मल्लेश्वरम सुटलं. पत्रं येत. अक्का आधी गेल्या, ते शामच्या पत्रातून कळलं. एकोणसत्तर साली शाम-सुधाच्या नव्या घराची वास्तुशांत होती, म्हणून मी गेले. अण्णा आता त्यांच्याकडेच राहत होते. "सकाळी दहापर्यंत बागेत सापडतील," सुधा म्हणाली. "तुम्हीच जा. माझं ऐकून लवकर घरी येत नाहीत."

बागेत झाडाखालच्या बाकावर अण्णा बसले होते. खूप वाळले होते. शेजारी एक गोल चेहऱ्याचे म्हातारे गृहस्थ होते, कुडता आणि शाल. दोघं रंगात येऊन बोलत होते. ते गृहस्थ बंगालीत काहीतरी लांबलचक सांगत होते, अण्णा मधून मधून "होय होय, असंच असतं ते" म्हणत होते. मग अण्णा मराठीत नातवाच्या दातांबद्दल सांगू लागले आणि ते गृहस्थ मांडीवर थाप मारून हसले.

मी पाया पडले. अण्णांनी मला ओळखलं, हात धरून बाकावर बसवलं. म्हणाले, "हे आमचे बाबू. मुलाकडे राहायला आलेत. मुलगा इथं संशोधनात आहे. बंगालीखेरीज काही येत नाही."

"मग तुम्ही बंगाली शिकलात?"

"छे!" ते घाबरूनच म्हणाले. "शिकलो तर काय बोलतात ते कळेल. आता इतकं छान चाललंय."

"कधीपासून चाललंय?"

"दोन वर्षं. एकदा भांडणही झालं."

"कशावरून?"

अण्णांनी बाबूंकडे पाहिलं. बाबूंनी अण्णांकडे पाहिलं. "काय माहीत," अण्णा म्हणाले, "पण चूक माझी होती."

मी थोडा वेळ बसले. मला आणखी बरंच बोलायचं होतं, पण दोघांच्या गप्पांच्या मध्ये मी आल्यासारखं मलाच वाटायला लागलं. संध्याकाळी घरी भेटूच, असं म्हणून उठले. संध्याकाळी घरात पाहुण्यांची गर्दी होती, दुसऱ्या दिवशी पहाटेच माझी गाडी होती, आणि अण्णांशी निवांत बोलणं झालं नाही ते झालंच नाही.

त्या सकाळी बागेच्या दाराशी पोचल्यावर मी मागं वळून पाहिलं होतं. ऊन सरकत त्यांच्या बाकावर आलं होतं. बाबू बोलता बोलता थांबले. कुणी काही म्हणालं नाही, कुणी खूण केली नाही. दोघं एकदमच उठले, एकमेकांच्या दंडाला धरून सावकाश पलीकडच्या सावलीतल्या बाकावर गेले आणि बसले. आता बोलायची पाळी अण्णांची होती, ती बाबूंना बरोबर माहीत होती. ते शाल सावरून ऐकायला लागले.